पस्तीस गोळ्या उरल्या

१

"आमच्या डिंपलले या घरात खडूच्या गोळ्या चारून राहिले," असे निकेशने मंगळवारी सकाळी भर अंगणात सांगितले आणि पुरावा म्हणून बाटलीतली एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. गोळी विरघळली. पाणी पांढरे झाले. जमलेल्या दहा-बारा माणसांनी माना हलवल्या. कोणतीही पांढरी गोळी पाण्यात टाकली तर पाणी पांढरेच होणार, हे सांगायला मी तोंड उघडले, पण निकेश तोवर पोलीस ठाण्याच्या गोष्टीवर पोचला होता.

निकेश हा डिंपलचा भाऊ, तुमसरला राइस मिलमध्ये कामाला. डिंपल ही आमच्या शेजारच्या कृष्णरावांची सून. कृष्णरावांचे धानाचे शेत, आमचे तलावातल्या मासळीवर पोट. दोन्ही घरांत एक तुरीच्या काड्यांचे कुंपण, आणि त्यातून माणसांपेक्षा कोंबड्या जास्त ये-जा करतात. मी बोडीटोल्याच्या अंगणवाडीत सत्तावीस वर्षे मदतनीस होते. त्यामुळे गावात बायका-पोरांचे काही बिनसले की लोक म्हणतात, बायामावशीला बोलवा. दुरुस्त झाले की श्रेय मात्र देवाला जाते.

डिंपलचे दुखणे दीड वर्षाचे. तेव्हा ती नवऱ्याबरोबर, सचिनबरोबर, जवाहरनगरला एका खोलीत राहत होती. आधी तीन महिने तिची पाळी आली नाही. सासूने, गोदावरीबाईने, इकडे गावात पेढे वाटले. मग पाळी आली ती थांबेना. पेढे खाल्लेली माणसे तोंड लपवू लागली. पोरीचे अंग सुजल्यासारखे झाले, केस गळू लागले, एप्रिलच्या उन्हात ती गोधडी मागू लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले तेव्हा कळले की थायरॉइड आहे. गळ्यात पुढे एक ग्रंथी असते, ती मंदावली की साऱ्या शरीराचा कारभार मंदावतो आणि पाळीचेही वेळापत्रक बिघडते. कधी महिनोन्‌महिने येत नाही, कधी आली की जात नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, एवढाच उपाय. चार महिन्यांत पोरगी पहिल्यासारखी झाली.

यंदा मार्चच्या पहिल्याच तारखेला कृष्णराव माळ्यावरून पडले, पाय मोडला. डिंपल लेकीला घेऊन गावी आली. सचिन तिकडेच राहिला, शनिवारी येतो. आणि मार्चपासूनच सगळे पुन्हा बिघडले. शनिवारी ती हातपंपावर चक्कर येऊन पडली. भंडाऱ्याला नेले, रक्त चढवले. थायरॉइडचा आकडा, जो ग्रंथी मंदावली की वाढतो, पहिल्यापेक्षाही वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज गोळी घेऊनही असे होत असेल तर गर्भपिशवी काढण्याचा विचार करावा लागेल, घरी बोला आणि गुरुवारी या. घरच्यांनी त्यातला 'विचार' वाटेतच टाकून दिला. गुरुवारी पिशवी काढायची, हे बस गावात पोचायच्या आत ठरले होते. बुधवारी दुपारी निघायचे, गाडीही सांगून झाली होती.

पोरगी सव्वीस वर्षांची. एक लेक, चार वर्षांची.

गोदावरीबाई कुंपणातून माझ्याकडे आली. "बाये, मी सुनेले जहर देतो म्हणते तो निकेश. तू पाहा काय झालं ते. मी तर गोळ्या देवाजवळ ठेवल्या होत्या वं."

मी कृष्णरावांना विचारले की रक्त नेमके किती दिवसांपासून जाते आहे. त्यांनी काठी उचलली आणि मोडक्या पायाने धानाच्या रोपांचे पऱ्हे पाहायला शेतात निघून गेले. सचिन सुट्टी टाकून आला होता. त्याला विचारले, तो म्हणाला, "थे बायाइचं, आईले विचारा." निकेश पोलिसांत जायला तयार होता, पण कशाची तक्रार लिहिणार विचारले तर म्हणाला, "त्या अडचणीची."

अशा माणसांकडून मला उद्या दुपारपर्यंत खरे काढायचे होते.

२

डिंपल मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर पडली होती. खाटेखाली तिचा वेगळा लोटा, वेगळी थाळी, उशाला पोत्याची वळकटी. ओठ कागदासारखे. मी बाजूला बसले तर लगेच अंग चोरून म्हणाली, मावशी, शिवू नका, आंघोळ करावी लागेल. मी म्हटले, माझ्या अंगाला चाळीस वर्षे मासळीचा वास आहे, आंघोळीने जात नाही, बस.

गोळीची चव बदलली का, विचारले. नाही म्हणाली, तिकडे होती तशीच आहे. तिकडे बाटली कुठे असायची? खिडकीत, ब्रशाच्या बाजूला. दात घासले की गोळी, मग अर्ध्या तासाने चहा, मग स्वयंपाक. एकच खोली, दुसरे करणार कोण. इकडे बाटली आत्याबाईंनी, म्हणजे सासूने, देवाच्या फळीवर ठेवली. उंदीर जात नाही आणि सकाळी दिवा लावताना आठवणही होते.

बाटलीला कोण हात लावते, विचारले. सकाळी दिवा आत्याबाई लावतात, कधी रीता लावते. रीता ही सचिनची बहीण, पोलीस भरतीची तयारी करते, रोज तलावाच्या बांधावर धावते.

"आणि तू गोळ्या बरोबर घेतेस?"

डिंपलने तोंड उघडले. पण आतून निकेशचाच आवाज आला, "रोज घेते, मावशी. माही बहीण खोटं बोलत नाई." तो भिंतीआड कान लावून उभा होता. ती काही बोललीच नव्हती, तर खोटे कुठून येणार होते? डिंपलने पदर ओढला.

मी दार लोटून घेतले. मग विचारले, डॉक्टरीणबाईंनी हेच विचारले होते का? हो म्हणाली. मग तू काय सांगितले? ती म्हणाली, सचिननेच सांगितले सगळे. मामाजी, म्हणजे सासरे, बाजूला बसले होते, त्यांच्यासमोर काय बोलणार.

म्हणजे पाळी हिची, गोळी हिची, पिशवी हिची. आणि उत्तर देणारा माणूस आठवड्यातले सहा दिवस जवाहरनगरला.

मी उठताना तिने माझा पदर धरला, शिवण्याचे विसरून. "मावशी, माह्या पोरीले एक भाऊ-बहीण पाहिजे होतं. माह्या मनाचं कोणी विचारलंच नाई."

परी नावाची ती पोरगी अंगणात बसून एका रिकाम्या बाटलीत चिंचोके भरत होती. बाटली औषधाची होती. मी तिच्याकडून ती मागितली तर भोकाड पसरले. शेवटी माझ्याकडच्या दोन लिमलेटच्या गोळ्यांवर सौदा झाला. जवाहरनगरला संपलेली जुनी बाटली होती ती.

एक हातात आली होती. आता दुसरी पाहिजे होती, आणि ती देवाजवळ होती.

३

गोदावरीबाईने फळीवरची बाटली काढून देण्याआधी हातपाय धुतले. निकेशने सकाळी देवाजवळून तशीच उचलली होती, म्हणून ती अजून धुसफुसत होती. झाकणावर कुंकवाचे बोट होते. मी विचारले, हे काय. म्हणाली, गुण यावा म्हणून लावले. सुनेला जहर देणारी सासू झाकणाला कुंकू लावत नाही, एवढे मला तिथेच कळले, पण निकेशला पटवायला कुंकू पुरणार नव्हते.

दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या आणि लाखांदूरची बस धरली. बाटली अश्विनच्या मेडिकलमधून आणलेली होती. गावात सगळे म्हणत होते, अश्विन बनावट माल ठेवतो. कोणी पाहिला, तर कोणीच नाही.

अश्विनने माझे ऐकून घेतले आणि काउंटरवर हात आपटला. मावशी, चार दिवसांत हे सांगायला आलेल्या तुम्ही तिसऱ्या, म्हणाला. आधी सरपंचाचा साळा आला, मग एक जण आला ज्याला औषधाचे नावही माहीत नव्हते, फक्त डुप्लिकेट हा शब्द माहीत होता. त्याने शेल्फातून एक सीलबंद बाटली काढून माझ्यासमोर ठेवली, घ्या, जुळवा.

मी तीन बाटल्या ओळीने मांडल्या. शिकलेली माणसे नजर फिरवतात आणि वाचले म्हणतात. मला अक्षराखाली बोट धरून जावे लागते, वेळ लागतो, पण काही सुटत नाही. कंपनी तीच. औषध तेच. ताकदीचा आकडा तोच. अश्विनने सील फोडून एक गोळी दाखवली. गोळीवरचा ठसाही तोच. तीन गिऱ्हाइके मागे ताटकळत होती, त्यातल्या एकाने विचारले, आजी परीक्षेला बसून राहिली का. मी म्हटले, हो, आणि तुझ्यासारखे बाहेर बसूनच नापास होतात.

माल खरा होता. म्हणजे खडूची गोष्ट संपली. पण मग आकडा का वाढला? जवाहरनगरला हीच गोळी लागू पडत होती.

मी बाटल्या पिशवीत भरत होते तेव्हा अश्विनने संगणकावर बिल काढले. दोन मार्चला सचिनने बाटली नेली होती. एकशे वीस गोळ्या. तीन मार्चपासून दररोज एक धरली तर शेवटची गोळी आज, तीस जूनला.

"मावशी," तो म्हणाला, "थे बाटली आज सकाळी खाली व्हायले पाहिजे होती. मग तुमच्या पिशवीत वाजून काय राहिलं?"

४

बसमध्ये मोजता आले नाही, रस्ता तसा नव्हता. घरी आल्यावर गोदावरीबाईच्या ओसरीवर सूप घेतले, बाटली उलटी केली, दोन-दोन करून मोजले. पुन्हा मोजले. मग गोदावरीबाईने मोजले.

पस्तीस.

चोरी झाली असती तर गोळ्या कमी भरल्या असत्या. कोणी दुसऱ्या घातल्या असत्या तर ठसा वेगळा निघाला असता. मी चष्मा लावून पस्तीसही गोळ्या पाहिल्या, ठसा एकच. म्हणजे या गोळ्या बाटलीतून कधी बाहेर पडल्याच नव्हत्या.

निकेशच्या तोंडचे पाणी पळाले आणि गोदावरीबाईच्या तोंडाला आले. "पाहा," ती म्हणाली, "थे घेतच नव्हती. आणि बट्टा मले."

आता सगळे डिंपलवर घसरले. सचिन म्हणाला, मी डॉक्टरला छातीठोक सांगितले आणि हिने मला खोटे पाडले. निकेश म्हणाला, माझी बहीण असे करणार नाही, नक्की घरातल्या कोणीतरी तिला घाबरवले. कृष्णराव शेतातून परत आले होते, ते ऐकून पुन्हा शेतात गेले. सकाळी सासू गुन्हेगार होती, दुपारी सून झाली. गोळ्या तेवढ्याच होत्या.

मला ते पटत नव्हते. गोळी नकोच असलेली बाई रोज थोडी-थोडी टाळत नाही, सरळ बंद करते. हिने तर पंच्याऐंशीच्या आसपास घेतल्या होत्या. घेत होती आणि घेतही नव्हती, असे कसे?

आणि दुसरे, ती जवाहरनगरला एकही चुकवत नव्हती. इकडे आल्यावर काय बदलले? सासू, नणंद, दुकान. दुकान सुटले होते. सासूच्या झाकणावर कुंकू होते. राहिली नणंद.

मी रीताला शोधले तेव्हा ती तलावाच्या बांधावर होती. मला येताना पाहून तिने धावायचा वेग वाढवला.

५

अडुसष्ट वर्षांच्या बाईने पोलीस भरतीवाल्या पोरीमागे धावू नये, म्हणून मी बांधाच्या टोकाला जाऊन बसले. बांध गोल आहे. पोरगी कितीही पळाली तरी फेरी माझ्यापाशीच येणार होती. तिसऱ्या फेरीला ती थांबली.

मी काही विचारायच्या आधीच रडायला लागली. एप्रिलमध्ये तिने फोनवर वाचले होते की थायरॉइडच्या गोळीने वजन उतरते. भरतीला धावायचे होते, वजन जास्त होते, आणि गोळ्या देवाच्या फळीवर फुकट ठेवलेल्या. दिवा लावताना तिने एक घेतली.

"किती घेतल्या?"

"एकच, मावशी. देवाशपथ. दिवसभर छाती धडधडली."

एका गोळीने एवढे होत नाही, भीतीने धडधडली असेल. पण मी ते सांगितले नाही, थोडी धडधडलेली बरी. नसलेल्या रोगाची गोळी खाऊन चाळीस जणींची छाती बिघडलेली मी ऐकली आहे, तुझी एकेचाळिसावी, एवढे म्हटले. चाळीसचा आकडा मी तिथेच बनवला.

पण याने माझा हिशेब सुटत नव्हता. रीताने एक घेतली तर बाटलीत एक कमी होणार. मला जास्तीचे उत्तर पाहिजे होते. सगळ्या गावाने माझा एक अख्खा दिवस खाल्ला होता आणि हाती लागली होती एक गोळी. मी उठले, कंबर धरली आणि चिडूनच विचारले, एकच का घेतली मग, वजन काय एका गोळीने उतरणार होते?

रीताने डोळे पुसले. त्या अख्ख्या घरात सकाळपासून कोणीही न काढलेला शब्द तिने काढला.

"दुसऱ्या दिवशी माही पाळी आली ना, मावशी. मंग देवाच्या फळीले हात कसा लावू?"

मी पुन्हा बांधावर बसले.

मी स्वतः बेचाळीस वर्षे अशी बाहेर बसलेली बाई. आणि मला हे दिवसभर सुचले नव्हते. सकाळी त्या पोरीच्या खाटेखाली मी वेगळा लोटा पाहिला होता, वेगळी थाळी पाहिली होती, आणि दुकानात जाऊन ठसे जुळवत बसले होते.

घरी परतताना मी गोदावरीबाईच्या स्वयंपाकघरात फक्त कॅलेंडरापुरती गेले. घरातली सून किंवा लेक बाहेर बसली की त्या दिवशी गोदावरीबाई तारखेवर कोळशाचे बोट लावते, पूजा-नैवेद्य कोणी करायचा ते कळावे म्हणून. रीताची बोटे लहान, तारखेखाली. डिंपलची मोठी, तारखेवर.

मी डिंपलची मोजली. मार्चमध्ये सहा. एप्रिलमध्ये आठ. मेमध्ये दहा. जूनमध्ये, आजचा धरून, तेरा.

६

बुधवारी सकाळी मी सगळ्यांना अंगणात बसवले. गाडी दुपारी बाराला येणार होती. कृष्णराव काठी घेऊन उठायला लागले, तर मी काठी काढून माझ्याजवळ ठेवली.

मी म्हटले, आज मी एक शब्द वापरणार आहे, तो तुम्हाला ऐकावा लागेल. पाळी. तुम्ही सगळे तिच्यामुळेच जन्माला आलात, पाच मिनिटे ऐकून मरणार नाही.

मग कॅलेंडर खाली ठेवले. या चार महिन्यांत डिंपल सदतीस दिवस बाहेर बसली होती. बाटलीत सदतीस गोळ्या जास्त असायला पाहिजे होत्या. पस्तीस होत्या. एक निकेशने काल पेल्यात बुडवली, हे सगळ्यांनी पाहिले. एक रीताने घेतली, ते तिने स्वतः सांगितले, आणि आज तिला कोणी रागावायचे नाही, ते काम मी काल केले. पस्तीस, एक आणि एक. सदतीस.

सचिनला अजून कळले नव्हते. त्याचा चेहरा पाहून मला त्याला अंगणवाडीत पुन्हा बसवावेसे वाटले. मी डिंपलला विचारले, आणि निकेशकडे बोट रोखून धरले की तो बोलू नये.

"सांग वं. बाहेर बसल्यावर गोळी घेत होतीस?"

डिंपल सपरीच्या दारात टेकून बसली होती. सासऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तिकडं बाहेर बसत नव्हती, रोज घेत होती. इथं बाटली देवाजवळ. मी तिथं कशी जाऊ? मंग मीच मनाले समजावलं, गोळी पाळीसाठीच आहे, पाळी आली का त्या दिवसांत तिचं काम नाई. मोकळी झाली का घेत होती. एकही चुकवली नाई."

"आणि तुले काय वाटत होतं?" मी गोदावरीबाईला विचारले.

तिला वाटत होते, औषध गरम असते, अंगावरून जात असताना नकोच. तिनेही कोणाला विचारले नव्हते, सुनेनेही नाही. दोघी एकाच घरात, एकाच बाटलीकडे पाहत, न बोलता एकाच चुकीवर पोचल्या होत्या. कोणी चोरले नव्हते, कोणी बदलले नव्हते. सासूने जपून वर ठेवले आणि सुनेने नेम पाळून हात लावला नाही.

सचिनने विचारले, पाच-सहा दिवस गोळी नसल्याने एवढे होते का. मी म्हटले, ते मी सांगणार नाही, ज्यांना कळते त्या सांगतील. डॉक्टरीणबाईंचा नंबर त्याच्याच फोनमध्ये होता. लावायला सांगितला, आवाज मोठा करायला सांगितला, आणि फोन डिंपलच्या हातात दिला. तो म्हणाला, मी बोलतो. मी म्हटले, तू बोलला म्हणूनच इथवर आलो.

डिंपलने सगळे सांगितले. आधी हळू, मग मोठ्याने.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सगळा फेराच आहे. गोळी सुटली की थायरॉइड मंदावते. मंदावले की रक्त जास्त दिवस जाते. जास्त दिवस गेले की तुम्ही जास्त दिवस बाहेर बसता, म्हणजे गोळी आणखी सुटते. सहाचे आठ, आठाचे दहा, दहाचे तेरा होणारच. ही गोळी पाळीसाठी नाही, गळ्यातल्या ग्रंथीची उणीव भरण्यासाठी आहे. पाळी असो, सोयर असो, सुतक असो, रोज घ्यायची. आणि पिशवी काढायचे कोणी ठरवले? मी विचार करा म्हटले होते, आणि तेही गोळ्या रोज चालू आहेत या सांगण्यावरून. उद्या यायचे मात्र आहे, रक्त थांबायचे औषध देते, पुन्हा रक्त तपासते. लोहाची गोळीही देईन, पण या गोळीबरोबर घेऊ नका, चार तास मध्ये सोडा, नाहीतर एक दुसरीला अंगी लागू देत नाही. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला पाहिजे. मग ठरवू.

फोन बंद झाला. कृष्णराव जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "बायाबाई, आता माही काठी द्या," आणि काठी घेऊन गेले नाहीत, तिथेच बसून राहिले.

निकेश गोदावरीबाईच्या पाया पडला. पोलिसांत जायचे असते तर त्या तक्रारीत काय लिहिले असते, हे मी त्याला परत विचारले. तो चहा प्यायला आत गेला.

एक प्रश्न तेवढा शिल्लक होता. मी म्हटले, बाटली आता सपरीत खुंटीला लटकवा. गोदावरीबाई म्हणाली, सपरीत उंदीर आहेत. मग बाहेर बसणेच बंद करा, म्हटले. ती म्हणाली, माझ्या जिवंतपणी देवाच्या फळीला विटाळ होणार नाही. अर्धा तास वाद झाला. डॉक्टर पटल्या, हिशेब पटला, कोळशाची बोटे पटली. फळी जागची हलेना. शेवटी मी कपाळावर हात मारून घरी आले.

७

डिंपलचे रक्त औषधाने चार दिवसांत थांबले. त्यानंतर गोळी ती रोज घेऊ लागली, पण ते दिवस बाहेर बसायचे नव्हते. खरी परीक्षा पुढच्या पाळीला होती. त्यात आली धानाच्या रोवण्याची घाई. मला भरवसा नव्हता. मी सचिनला बजावले होते, रीताला बजावले होते, परीलासुद्धा बजावले होते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी कुंपणाच्या फटीतून पाहिले तर डिंपल सपरीत पोत्यावर बसलेली. वेगळा लोटा, वेगळी थाळी. म्हणजे आली होती. मी चूल तशीच टाकून कुंपणाला लागले.

गोदावरीबाई आंघोळ करून, दिवा लावून बाहेर आली. हातात बाटली. सुनेपासून दोन हातांवर थांबली, झाकण काढले, वाकली, आणि वरून, न शिवता, तिच्या ओंजळीत गोळी टाकली. गोळी बोटांवर आपटून शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेली. दुसरी टाकली, तीही गेली. एक कोंबडी आली आणि पहिली गोळी टिपून निघून गेली. त्या कोंबडीच्या थायरॉइडचे काय झाले ते मला माहीत नाही.

मी ओरडणार होते. पण गोदावरीबाईने तिसरी गोळी काढली, दोन पावले पुढे टाकली, सुनेचे मनगट धरले आणि गोळी तळहातावर ठेवून मूठ मिटली. डिंपलने दचकून हात ओढला. "आत्याबाई, शिवलं ना."

"शिवलं तं शिवलं. करीन आणखी एक आंघोळ. विहिरीचं पाणी आटलं का?"

आणि बडबडत, बाटली कमरेला खोचून, ती विहिरीकडे निघाली. मला कुंपणाआड पाहिले तर तोंड वाकडे केले.

त्या महिन्यात तिने सात आंघोळी जास्तीच्या केल्या. ऑगस्टमध्ये पाच. सप्टेंबरच्या कॅलेंडरवर चारच बोटे होती, आणि भंडाऱ्याहून आकडा जवळजवळ जागेवर आल्याचा कागद आला. पिशवीचे नाव आता कोणी काढत नाही.

मी तिला एवढेच म्हटले की बाई, ही एक आंघोळ तू मार्चमध्येच केली असतीस, तर मला त्या बांधावर जाऊन बसावे लागले नसते.